जुन्या डिझेल गाडीत बाटली ओतावी का?

"गाडी पंधरा वर्षांची झालीय, आता डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकू का?" डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं) काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याने बहुधा बाटली आधीच घेतलेली असते, मी फक्त मान हलवायची असते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: गाडी ठणठणीत असेल तर टाका, बिघडलेली असेल तर टाकू नका.

उलटं वाटेल. पण बाटलीत असतं काय? मुख्यतः काजळी आणि चिकटा धुणारं डिटर्जंट, जोडीला सिटेन (डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा) वाढवणारं रसायन आणि थोडा वंगणाचा अंश. यातलं काहीही झिजलेलं लोखंड भरून काढत नाही. नोझलच्या सुईतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. ती वाढली की कॉमन रेल गाडीचं (जिच्या सगळ्या नोझलना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल मिळतं) रिटर्न, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, वाढतं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. रिटर्न टेस्टला फार वेळ लागत नाही. लोक तेवढं टाळतात आणि महिनोन् महिने बाटल्या ओततात.

सगळ्यात मोठी धास्ती आहे ती १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या सरकारी मानकाची सहावी पायरी) डिझेलची. बीएस-तीनमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-चारमध्ये ५०, आता १०. जुन्या गाडीत नोझलना डिझेल पुरवणाऱ्या रोटरी पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, म्हणून "गंधक गेलं, आता पंप बसणार" असं गॅरेजागॅरेजात ऐकू येतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरंच आहे. पण रिफायनरी तो परत घालते. प्रयोगशाळेतल्या घासणीच्या चाचणीत पडणारा चट्टा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा निघाला तर ते डिझेल मानकात बसतच नाही. म्हणजे बाटलीतून जे विकत घ्यायचं ते टाकी भरताना मिळालेलंच असतं. ओरखडे पडलेले प्लंजर (पंपात डिझेल दाबणारे दट्टे) माझ्याकडे येतात ते रॉकेल मिसळलेल्या डिझेलमुळे, नाहीतर पाण्यामुळे. रिक्षाचं टू-टी ऑइल टाकीत घालणारेही याच भीतीपोटी घालतात. नव्वदच्या दशकातल्या साध्या इंजिनाचं त्याने फारसं बिघडत नाही, भलंही होत नाही.

सिटेन बूस्टरचं तसंच. आज पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा सिटेन किमान ५१ असतो. १९९८ ची गाडी शोरूममधून निघाली तेव्हा मानक याहून खालचं होतं आणि ती त्या डिझेलवर व्यवस्थित पळत होती. डिझेल गोठू नये म्हणून येणारी परदेशी बाटली तर निफाडच्या थंडीतसुद्धा कुणाला लागलेली मी पाहिली नाही. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेलच काढलं.

माझा खरा राग पाण्यावर आहे. डिझेल फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सैल करा, काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि ठेवून द्या. पाणी असेल तर तळाशी बसलेलं स्पष्ट दिसतं. (नंतर हँड प्रायमर, म्हणजे छोटा हातपंप, मारून आत शिरलेली एअर काढायला विसरू नका, नाहीतर गाडी भर चौकात बसेल.) अर्धी टाकी रिकामी ठेवून महिना-महिना उभी असलेली गाडी दमट हवेतूनही पाणी धरते. आता काही बाटल्या "पाणी घालवतो" म्हणतात. त्यात अल्कोहोल असेल तर पाणी डिझेलात मिसळतं, आणि फिल्टरने जे अडवलं असतं ते थेट नोझलपर्यंत जातं. जुन्या साध्या नोझलला ते एकवेळ सोसेल, सोळाशे बारच्या दाबावर चालणाऱ्या कॉमन रेलला नाही. पाणी वेगळं पाडणारी बाटलीही मिळते, ती बरी. पण पाडलेलं पाणी फिल्टरमध्येच साचतं, स्क्रू तुम्हालाच उघडावा लागतो.

पीयूसीच्या आदल्या दिवशी बाटली ओतणारेही बरेच आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर बदलल्यावर मशीनवरचा आकडा जेवढा उतरतो तेवढा बाटलीने उतरलेला मी पाहिला नाही. निळा धूर इंजिन ऑइल जळल्याचा, त्याचा डिझेलच्या औषधाशी संबंधच नाही.

मग मी स्वतः कुठे टाकतो? गावातल्या गावात फिरणारी कॉमन रेल गाडी, दहा-बारा वर्षांची, रिटर्न ठीक, फिल्टर नवा, तरी आयडलला किंचित थरथर आणि पिकअप मंद. तिच्या नोझलच्या तोंडाशी चिकटा धरलेला असण्याची शक्यता मोठी, आणि डिटर्जंट लागू पडतं ते तिथेच. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा थेंबभरही जास्त नको. टाकी भरा आणि गाडी हायवेला काढा, पुण्याहून साताऱ्याला जाऊन या. फरक पडायचा तर एक-दोन टाक्यांत पडतो. नाही पडला तर पुढची बाटली घेऊ नका, नोझल काढून टेस्टरवर लावा.

टाकी कित्येक वर्षं धुतलेली नसेल तर पहिल्याच बाटलीने तळातला गाळ सुटतो आणि फिल्टर चोक होतो. मग नाव औषधाचं खराब होतं. म्हणून डिकीत एक नवा फिल्टर आधीच ठेवा, गाडी ओढ घेईनाशी झाली की लगेच बदला. आणि काढलेला फिल्टर फेकू नका, माझ्याकडे आणा. कापून बघितला की टाकीत गंज आहे, पाणी आहे की नुसता चिकटा, ते कळतं. गंज निघाला तर बाटलीचे पैसे टाकी उतरवायला ठेवा.