ट्रायन काउंटीची पलटण: एका झाडामागे दोन बंदुका

अमेरिकन क्रांतियुद्ध म्हटलं की वॉशिंग्टनची फौज आठवते. पण न्यूयॉर्कच्या पश्चिम सरहद्दीवर, मोहॉक नदीच्या खोऱ्यात, लढाईचा भार उचलला तो शेतकऱ्यांच्या मिलिशियाने, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या नागरी फौजेने. 1772 मध्ये ऑल्बनी काउंटीतून तोडून ही ट्रायन काउंटी केली होती. इथली बरीच घरं जर्मनीतल्या पॅलाटिनेटमधून आलेली, घरात जर्मन बोलणारी.

मिलिशियाची रचना भूगोलावर होती. कॅनाजोहारीची पहिली रेजिमेंट कर्नल एबेनेझर कॉक्सकडे, पॅलाटाइनची दुसरी जेकब क्लॉककडे, मोहॉक भागाची तिसरी फ्रेडरिक व्हिशरकडे आणि जर्मन फ्लॅट्स-किंग्सलँडची चौथी पीटर बेलिंजरकडे. चौघांच्या वर ब्रिगेडियर जनरल निकोलस हर्किमर. कंपनी म्हणजे जवळपास एक वस्ती. भाऊ, मेहुणे, शेजारी एकाच रांगेत. त्यामुळे माणसं लवकर जमत, आणि एक वाईट दिवस आला की एकाच वस्तीतली घरं ओस पडत. खुद्द हर्किमरचा सख्खा भाऊ इंग्रजांच्या बाजूने होता.

17 जुलै 1777 रोजी हर्किमरने 16 ते 60 वयाच्या धडधाकट पुरुषांना बोलावणं धाडलं. इंग्रज सेनानी सेंट लेजरची फौज अमेरिकनांच्या फोर्ट स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घालायला येत होती. 4 ऑगस्टला सुमारे 800 माणसं आणि बैलगाड्या फोर्ट डेटनहून निघाल्या. वाटेत अमेरिकनांच्या बाजूच्या ओनायडा या मूलनिवासी जमातीचे सुमारे 60 योद्धे मिळाले. किल्ल्यात निरोप पोचला की तिथून तोफेचे तीन बार होतील, मग पुढे सरकायचं, असा हर्किमरचा बेत होता. 6 तारखेच्या सकाळी बार ऐकू येईनात. कॉक्ससारख्या अधिकाऱ्यांनी त्याच्या भावावरून त्याला भित्रा, फितूर ठरवलं, तेव्हा तो चिडून निघाला. माझ्या मते त्याचं थांबणंच बरोबर होतं.

किल्ल्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, ओरिस्कनीजवळ, रस्ता एका खोल ओहोळात उतरतो. तळाशी दलदल, तिच्यावर ओंडके टाकून केलेली वाट. दोन्ही अंगांना इंग्रजांच्या बाजूच्या मूलनिवासी जमाती, म्हणजे जोसेफ ब्रँटचे मोहॉक आणि सेनेका योद्धे, तसंच जॉन्सन आणि बटलर या सरदारांच्या इंग्रजनिष्ठ वसाहतवाल्यांच्या तुकड्या दबा धरून होत्या. सेनेकांनी थोडी घाई केली आणि सापळा पुरता मिटण्याआधीच गोळ्या सुटल्या. कॉक्स सुरुवातीलाच पडला. गाड्यांमागची व्हिशरची रेजिमेंट ओहोळात उतरलीच नव्हती. तिच्यातले बरेच मागे पळाले.

आता बंदुकीचं. गारेच्या ठिणगीने उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत एक बार भरायचा तर काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू (हीच रंजक, ठिणगीने आधी पेटणारी) नळीबाहेरच्या रंजकदाणीत टाकून झाकण पाडायचं, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी आणि कागद, गजाने ठासायचं, गज परत खोचायचा, घोडा पुरता ताणायचा. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शेतकऱ्याला अर्धा मिनिट सहज लागे, आणि रायफलवाल्याला त्याहून जास्त, कारण गोळी चिंधीत गुंडाळून घट्ट खाचांतून खाली दाबावी लागते. बंदुका घरच्या असल्याने नळ्यांची मापं वेगळी. शेजाऱ्याची गोळी आपल्याला बसेलच असं नाही.

झाडाआडून एकाने बार टाकला की धूर दिसे. समोरचा योद्धा तेवढ्याचीच वाट बघत असे: धूर दिसला की बंदूक रिकामी, मग टॉमहॉक (हातकुऱ्हाड) घेऊन धाव. सुरुवातीला कितीतरी माणसं अशीच गेली. मग जोराचा पाऊस आला. रंजक भिजली की चकमकीची ठिणगी पडूनही बार होत नाही, म्हणून तासभर लढाई थंडावली. हर्किमरचा घोडा मेला होता, पायात गोळी होती. झाडाला टेकून, खोगिरावर बसून, पाइप ओढत तो हुकूम देत होता. या सवडीत त्याने माणसांना टेकाडावर गोल करून बसवलं आणि एका झाडामागे दोघं-दोघं नेमले. एक बार टाकणार, दुसरा भरलेली बंदूक राखून धरणार; पहिल्याची ठासून होईपर्यंत दुसऱ्याने उडवायची नाही. धाव घेणारा आता भरल्या बंदुकीवर येई.

जॉन्सनच्या काही माणसांनी हिरवे डगले उलटे करून मदतीची तुकडी असल्याचं सोंग घेतलं. समोर ओळखीचे चेहरे बघून एक मिलिशियावाला हात पुढे करत गेला आणि धरला गेला. शेजारी-शेजाऱ्यांचं हे युद्ध किती जवळून चाललं होतं ते इथे कळतं.

तेवढ्यात किल्ल्यातून अमेरिकन अधिकारी विलेटने बाहेर पडून शत्रूचे तळ लुटले आणि योद्धे माघारी वळले. मेलेले, जखमी आणि पकडलेले धरले तर हर्किमरने निम्म्याच्या वर माणसं गमावली. हर्किमरचा पाय नंतर कापला, रक्त थांबेना, आणि सुमारे दहा दिवसांनी तो वारला. वेढा 22 ऑगस्टला उठला, तो अमेरिकन जनरल अरनॉल्डच्या कुमकेच्या आवईने.

या रेजिमेंटमधला माणूस शोधायचा तर 1832 च्या कायद्याखालचे पेन्शनचे अर्ज बघावेत. किमान सहा महिन्यांची नोकरी शपथेवर सांगावी लागे, म्हणून कंपनी, कॅप्टन, मोहीम असा तपशील मिळतो. मात्र पन्नासहून अधिक वर्षांनंतरची आठवण आहे. महिने आणि वर्षं सरमिसळ होतात. आणि जर्मन-डच नावं कारकुनाने कानाने लिहिलेली: व्हिशर कुठे फिशर होतो, हर्किमर कुठे हर्खहायमर.