गंजलेल्या उसुबाचा ठावठिकाणा

क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो. तिथल्या जुन्या सामानाच्या ढिगात मला मूठ तडकलेली, गंजून काळी पडलेली एक सुरी मिळाली. ओसाकात राहायला आल्यापासून मला अशा जुन्या सुऱ्या कुठल्या, कोणी बनवल्या ते शोधायचा नाद लागलाय (घरच्यांना तो अजिबात पसंत नाही).

पात्यावर कोरलेल्या अक्षरांच्या मागे लागण्याआधी मी आकार पाहिला, कारण निम्मं काम त्यावरच होतं. पातं आयताकृती, म्हणजे भाजी चिरायची सुरी. असं पातं नाकिरी नावाच्या सुरीचंही असतं, पण नाकिरीला दोन्ही बाजूंनी उतार देऊन धार काढलेली असते. हिला उतार फक्त उजव्या अंगाला होता. डावं अंग सपाट, मध्ये किंचित खोलगट. म्हणजे ही उसुबा, आणि तीही उजव्या हाताने काम करणाऱ्या आचाऱ्याची. तोक्योकडच्या उसुबाचं टोक चौकोनी असतं. हिची पाठ टोकाशी विळ्यासारखी खाली वळलेली होती. हा कामागाता आकार, कानसाईचा, म्हणजे ओसाका-क्योतोकडचा. नाव न वाचताच मुलूख कळला.

मग सफाई. इथे तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात नको. छिन्नीने कोरलेली अक्षरं उथळ असतात, गंजाबरोबर तीही निघून जातात. मी तेल लावून ती रात्रभर ठेवली आणि गंज काढायच्या खोडरबराने हळूहळू घासली. नंतर दिवे मालवून बॅटरी जवळजवळ पात्याला टेकवली. आडव्या उजेडात अक्षरं उठून आली: लहान लहान टोकदार ठोक्यांनी जुळवलेल्या रेघा. ठोकून उमटवलेला शिक्का असता तर रेघा सलग, एकसारख्या आल्या असत्या.

फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलं, तर भलतंच काहीतरी आलं. त्या तुटक रेघा त्याला अक्षरं वाटतच नाहीत. त्यापेक्षा हस्तलेखनाच्या कीबोर्डवर बोटाने एकेक अक्षर गिरवणं बरं. वर ‘साकाई’ (ओसाकाजवळचं, सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहर) निघालं, तळाशी ‘साकु’, म्हणजे अमुक यांनी बनवली. मधली दोन अक्षरं नावाची, त्यातलं एक गंजाने अर्धं खाल्लेलं.

सुरी घेऊन हानकाई ट्रामने साकाईलाच गेलो. तिथल्या एका दुकानातल्या आजोबांनी ते अर्धं अक्षर चटकन सांगितलं.

“पण हा लोहार नव्हे हं,” ते म्हणाले, “पेढीचं नाव आहे हे.”

साकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पात्यावर नाव बहुतेकदा घाऊक व्यापाऱ्याचं. ही पेढी कधीच बंद झालेली. लोहार कोण ते तिच्या वह्यांतच असणार, आणि त्या वह्या आता कुठे शोधायच्या?

पोलाद शिरोगामी (‘पांढरा कागद’) की आओगामी (‘निळा कागद’), असंही विचारलं. ते हसले. शिमानेतल्या यासुगीच्या पोलादाची ही नावं वेष्टनाच्या कागदाच्या रंगावरून पडलीत, पोलाद काही पांढरं-निळं नसतं. गंजावरून कार्बन पोलाद एवढंच म्हणता येतं, पुढचं नजरेने ओळखणं शक्य नाही.

मूठ तिथेच बदलून घेतली: होनोकी लाकडाची, गळ्याशी म्हशीच्या शिंगाची. मुळा आणि गाजर कापताना ही सुरी फार सुरेख चालते. लाल भोपळ्याला मात्र लावायची नाही, पातळ धारेचे टवके उडतात.