भिताडाला कशाला पांघरूण?

किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं होत आली होती, तेव्हाची म्हणजे 2023 सालची गोष्ट. मी कापडावरची कामं शिकवते. एका संस्थेनं लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका पुनर्वसित गावात पाठवलं. बायकांकडून आठवणींचं कापड करून घ्यायचं, मग ते पुण्यात भिंतीवर लावायचं, असं ठरलं होतं.

आराखडा मी घरूनच करून नेला होता. अमेरिकेत 1987 साली एड्सनं गेलेल्यांच्या नावांची एक प्रचंड गोधडी सुरू झाली. तिचा एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, माणूस आडवा मावेल एवढा. तेच इथे करू म्हटलं. बायका बावीस, तुकडे बावीस, प्रत्येकीनं आपलं गेलेलं माणूस त्यावर चितारायचं.

समाजमंदिरात सतरंजीवर बसून मी मोबाइलवर फोटो दाखवले. सगळ्यांनी निमूटपणे पाहिले. मग आक्का म्हणाल्या, "बाई, ह्याच्यात झोपतंय कोण?"

"कुणी नाही. भिंतीवर टांगायचंय."

"भिताडाखाली माणसं गेली आमची. आन् तुमी भिताडालाच पांघरूण घालायलाव व्हय?"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. आराखडा पिशवीतून वर काढलाच नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात थंडगार राहणारं ते घर तसंच्या तसं अंगावर आलं. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पुढचं नव्हतं.

पुढचं म्हणजे नवं गाव. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली. घर मिळालं ते जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. कागदावर ठीकच होतं. पण जुन्या गल्लीत एकीची जमीन दोन एकर, तर शेजारणीची वीस. भिंतीवरून कालवणाची वाटी देणाऱ्या दोघी आता गावाच्या दोन टोकांना. "माणूस मेल्यालं कळतंय ओ," एक जण म्हणाली, "शेजार कवा गेला ते कळंनाच."

दुसऱ्या दिवशी बायका गाठोडी घेऊन आल्या. धोतराचं पान, खणाची चोळी, एक इरकल. इरकलीच्या लाल पदरावर मातीचा डाग होता, किती धुतलं तरी न गेलेला. आक्कांनी आणला छोटा सदरा, नातवाचा. लेक आणि सून दोघं गेले, नातू वाचला. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यांत हा. शिकला, तिकडंच नोकरी लागली, आता फोन करतो. "मेला न्हाई," आक्कांनी मला दोनदा बजावलं, "ह्याचं कापड त्या ढिगात टाकू नका."

एकीनं हरकत घेतली. मेलेल्याचं कापड पांघरायचं? लेकराबाळांच्या अंगावर? बरीच वादावादी झाली. मी मधे पडले नाही, पडून उपयोगही नव्हता. शेवटी ठरलं की गेलेल्यांची कापडं आत घालायची, वरून-खालून जित्यांच्या साड्या. हरकत घेणारी उठून गेली ती परत आली नाही, पण दुपारी तिच्या सुनेनं एक टॉवेल आणून दिला. कुणाचा, ते सांगितलं नाही.

माझा जीव मात्र वरखाली. दाखवायला म्हणून जे जमवलं, तेच सगळं झाकलं जाणार होतं! इरकलीचा तो पदर निदान एका कोपऱ्यात दिसू द्या, असं मी सुचवून पाहिलं. कुणी उत्तरही दिलं नाही.

गोधडी कडेपासून आत भरत जातात. चारी बाजूंनी बसून धावदोरा घालत एकेक फेरा आत सरकायचा. सकाळी ऐसपैस बसलेल्या बायका संध्याकाळी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि दोऱ्याचं रीळ एकमेकींच्या हातातून ओढत होत्या. जुन्या गल्लीत कुणाची म्हैस कुणाच्या दारात शिरायची यावरून भांडण जुंपलं. ती म्हैस भूकंपातच गेलेली.

आक्कांचा सदरा सगळ्यांत वरच्या थरात, साडीच्या लगेच खाली होता. ढिगापासून वेगळा, त्यांनीच तसा ठेवून घेतलेला. सुई चालवता चालवता माझ्या बोटाला टणक काहीतरी लागलं.

"आक्का, बटण काढायचं राहिलं. टोचेल पांघरताना. उसवू का?"

त्यांनी माझा हात बाजूला केला, साडीवरून ते बटण चाचपलं आणि त्याच्याभोवती गोल टाके घालायला घेतले.

संस्थेला मी फोटो पाठवला. साध्या साड्यांची साधी गोधडी, सात फूट बाय पाच. उलट विचारणा आली, यात आठवणी कुठे दिसतात? आणि प्रदर्शनासाठी कधी पाठवताय?

गोधडी तेव्हा आक्कांकडे होती. पुण्याहून नातू यायचा होता.