मोसम खोऱ्यातले फड: पाण्याने आखलेली शेती

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, नामपूर-जायखेड्याकडे नदीकाठच्या जुन्या शेतांचा नकाशा पाहिला की लांबट, अरुंद पट्ट्याच पट्ट्या दिसतात. एकाच खातेदाराच्या तीन-चार ठिकाणी विखुरलेल्या. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या नजरेने हे शेतीचं दुखणं. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणारा, एकाच पिकाखालचा जमिनीचा मोठा तुकडा. फडातल्या जमिनीपुरतं बोलायचं तर ते औषध होतं.

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून निघालेली मोसम ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत मालेगावजवळ गिरणेला मिळते. पात्राला उतार चांगला आणि जागोजागी उघडा काळा खडक. खडकावर पाया बसतो, म्हणून दगड-चुन्याचा ठेंगणा बंधाराही पूर सोसतो. त्याच्या बगलेतून काढलेला पाट नदीपेक्षा कमी उताराने नेला, की थोड्याच अंतरात तो काठच्या जमिनीच्या वर येतो. मग पाट आणि नदी यांच्यामधला सगळा पट्टा नुसत्या उताराने भिजतो. उरलेलं पाणी सांडव्याने परत नदीत जातं, पाझरलेलंही तिकडेच उतरतं आणि खालच्या गावचा बंधारा ते पुन्हा अडवतो. आरम आणि गिरणेवरही हीच रीत, इंग्रजांच्या आधीपासूनची.

भिजणाऱ्या जमिनीचे साधारण तीन-चार फड पाडतात. एका फडात एकच पीक: एकात ऊस, एकात बाजरी किंवा भुईमूग, एकात गहू किंवा हरभरा, एखादा पडीक किंवा हलक्या पिकाला. पुढच्या हंगामात पिकांची जागा बदलते. उसाला पाणी वरचेवर लागतं. त्याला खेटून हरभरा असला तर पाझरानेच पिवळा पडतो. म्हणून फडात मनाला येईल ते पेरायची मुभा नाही. राखणही सोपी होते, कारण अख्ख्या फडाची कापणी एकदमच येते.

पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. तो चारी फोडतो, पट्टीमागून पट्टी भिजवत जातो. शेतकऱ्याने बाऱ्याला, म्हणजे शेतात पाणी घ्यायच्या तोंडाला, हात लावायचा नाही. पाटकऱ्यांवर हवालदार, गुराढोरांपासून पीक राखायला जागल्या आणि सगळ्यांवर पंच. मेहनताना बहुधा धान्यात, खळ्यावरच.

खरी कसोटी कमी पावसाच्या वर्षी. नदीची धार बघून पंच ठरवतात, यंदा किती फड भिजवायचे. एखादा फड कोरडा ठेवला तरी प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात असल्याने तूट सगळ्यांना सारखी बसते. पाटाच्या तोंडाशी असलेला सुखी आणि शेपटाचा उपाशी, हे कालव्यांवरचं नेहमीचं भांडण इथे मुळातच उगवत नाही. पट्ट्या एकत्र केल्या, की ही वाटणीही गेली.

ही रीत मोडली ती बऱ्याच बाजूंनी. विहिरींवर मोटारी बसल्यावर पाटकऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. डाळिंब आणि अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी, द्राक्षं आली. बहुवर्षायू बाग फडासोबत फिरत नाही. नदीच्या वरच्या अंगाला हरणबारी धरण झालं, नदीची धार आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेल्या पाण्यावर आली. वाळूउपशाने पात्र खाली गेलं की बंधाऱ्याचा पायथा उघडा पडतो, खालून पाणी निसटतं आणि वरची भिंत धडधाकट दिसत असूनही पाट कोरडा राहतो.

त्यामुळे दुरुस्तीचा पैसा नुसता भिंतीच्या गिलाव्यावर घालणं मला फुकट वाटतं. आधी पायथ्याची धूप बघावी, मग सांडवा बुजलाय का ते, मग पाटाचा गाळ आणि त्यावरची अतिक्रमणं. पाटाचा गाळ तर दरवर्षीच काढावा लागतो. दोन-तीन पावसाळे सोडले की गवत मूळ धरतं आणि शेपटाच्या चाऱ्या आधी मरतात.