तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरीचं काय करायचं?

समुद्रावरच्या वाऱ्यांचे नकाशे करणारा अमेरिकन आरमारी अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी, त्याच्यावर बोलायला उभा राहिलो की शेवटी कुणीतरी विचारतंच, "गुलामगिरीवाल्यांकडून लढलेल्या माणसाचं तुम्हाला एवढं काय?" २०२० मध्ये रिचमंडमधला त्याचा पुतळा उतरवला, तेव्हापासून भाचीही विचारते.

मी बोटीवर कॅडेट होतो. अमेरिकन पायलट चार्टवर, म्हणजे महिन्यामहिन्याचे वारे दाखवणाऱ्या सागरी नकाशावर, एक ओळ असायची, की या नकाशांचा पाया मॉरीनं लेफ्टनंट असताना केलेल्या अभ्यासात आहे. ओळख तिथली. १८३९ मध्ये घोडागाडी उलटून त्याचा पाय मोडला, जहाजावर जाणं संपलं. मग वॉशिंग्टनच्या कचेरीत जहाजांची जुनी लॉगबुकं, म्हणजे रोजच्या नोंदवह्या, उपसून त्यानं कुठल्या महिन्यात कुठं कोणता वारा ते काढलं. दर्यावर्दी माणसाला हे आवडणारच. त्यात गुन्हा नाही.

राहिला एप्रिल १८६१, अमेरिकेतल्या यादवी युद्धाची सुरुवात: एकीकडे गुलामगिरीवाली दक्षिण, दुसरीकडे उत्तर. सतरा तारखेला मॉरीच्या व्हर्जिनिया राज्यानं अमेरिकेतून फुटून निघायचा ठराव केला, वीसला मॉरीचा आरमारातून राजीनामा. छत्तीस वर्षांची नोकरी! व्याख्यानात इथं मी आवाज चढवायचो: "मातीची हाक!" टाळ्या पडायच्या. आता आठवलं की कानकोंडं होतं. कारण त्याच आरमारातला दुसरा अधिकारी, फॅरागट. दक्षिणेत जन्मलेला, व्हर्जिनियातच नॉरफोकला राहणारा, बायको तिथलीच. त्यानं त्याच आठवड्यात बाडबिस्तरा आवरून उत्तरेची वाट धरली. माती त्यालाही होती. पुढं मॉरीला रशियातून बोलावणं आलं, तेही त्यानं नाकारलं. लढाईतून सुटायला एक दार उघडं होतं, पण तो दक्षिणेकडेच थांबला आणि ज्या आरमारात वाढला त्याचीच जहाजं बुडवायला पाण्याखालचे सुरुंग बनवत बसला.

गुलामगिरी त्याला मनातून नको होती, असंही मी सांगायचो. अर्धं खरं. व्हर्जिनियातून गुलाम जावेत, हे तो म्हणायचा. पण कुठं? ॲमेझॉनच्या खोऱ्यात, मालकांसकट! मेहुणा हर्नडन १८५१ मध्ये तिकडं गेला, त्या मोहिमेमागे हाच विचार होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. व्याख्यानात बसत नव्हतं, म्हणून गाळायचो.

पण मग वारे? ते त्यानं नीटच मांडले. माझ्यासारख्या हजारोंना ते कामी आले. हे म्हटलं की भाची गप्प बसते, पण पटलेलं नसतं. मलाही पुरतं कुठं पटलंय?

घरात भिंतीवर हिंदी महासागराचा जुलैचा चार्ट आहे. त्यावरची नावाची ओळ फ्रेमच्या कडेखाली गेलीय. मुद्दाम की चुकून, ते मात्र विचारू नका.