आज पुन्हा पिठलं

आठ वाजले, भाजी नाही, उत्साह त्याहून नाही. अशा संध्याकाळी पिठलं-भातच.

आधी कुकर लावायचा: १ वाटी तांदूळ, २ वाट्या पाणी, ३ शिट्ट्या. तेवढ्यात पिठलं होतं. चौघांना १ वाटी बेसन, ३ वाट्या पाणी. बेसन गारच पाण्यात कालवायचं, आधी थोड्या पाण्यात घट्ट, मग सैल. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की गोळीचं बाहेरचं कवच लगेच शिजतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. (गाठी मोडत बसण्याची हौस असलेल्यांनी खुशाल वैरावं.)

२ चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, ३ मिरच्या, १ कांदा. हळद पाव चमचाच, जास्त झाली तर कडवट लागतं. कालवलेलं पीठ ओतून उकळी फुटेपर्यंत ढवळायचं, मग मंद आचेवर झाकण ठेवून ६-७ मिनिटं वाफ. घाई इथेच नडते. कच्च्या बेसनाचा वास कोथिंबिरीने झाकत नाही. गार होताना घट्ट होतं, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवायचं.

कढईची खरवड कोणाची, हे आधीच ठरवून घ्या.