तुम्ही विचारलंत म्हणून : रॉयल्टी किती टक्के मागायची?

पुण्यात पेटंटच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. "मॅडम, माझ्या यंत्राचं पेटंट आहे, कंपनी लायसन्स घ्यायला तयार आहे. किती टक्के मागू?" विचारणारा बहुधा स्वतःचं वर्कशॉप चालवणारा असतो आणि दोन दिवसांत मीटिंग असते. लायसन्स म्हणजे आपलं यंत्र बनवून विकायची परवानगी, आणि रॉयल्टी म्हणजे तिच्या बदल्यात विक्रीवर मिळणारा वाटा. माझं उत्तर ठरलेलं आहे : टक्का सगळ्यात शेवटी. आधी तो टक्का कशावर, ते ठरवा.

समजा, तुमची यंत्रणा बसवलेलं कांदा लागवडीचं यंत्र डीलरला ८०,००० रुपयांना जातं आणि तुम्ही ५ टक्के घेतलेत. हिशेबाने एका यंत्रामागे ४,००० रुपये व्हायला हवेत. पण कंपनी आधी ते यंत्र स्वतःच्याच विक्री कंपनीला ४०,०००ला विकते, आणि करारात 'नेट सेल्स'ची (म्हणजे वजावटी जाऊन उरलेल्या, रॉयल्टी ज्यावर मोजायची त्या विक्रीची) व्याख्या 'लायसन्सधारकाने केलेली विक्री' एवढीच आहे. तुमचे झाले २,०००. त्यातून सूट, वाहतूक, जाहिरात, 'इतर खर्च' वजा. हा 'इतर खर्च' मसुद्यात दिसला की मी तो खोडतेच. वजावटी एकेक करून नावानिशी लिहायच्या, कंपनीने स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला केलेली विक्री धरायची नाही, बाहेरच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत धरायची. आणि वर्षातून एकदा आपला सीए पाठवून वह्या तपासायचा हक्क करारात हवाच.

काही जण 'सरकारने ६ टक्के ठरवलेत ना?' म्हणून येतात. तो आकडा नेक्साव्हारच्या प्रकरणातला. मार्च २०१२ मध्ये पेटंट कंट्रोलरने, म्हणजे पेटंटच्या सरकारी अधिकाऱ्याने, बायर या जर्मन कंपनीच्या या कर्करोगावरच्या औषधाचं सक्तीचं लायसन्स नॅटको या भारतीय औषध कंपनीला दिलं. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांचं औषध ८,८८० रुपयांत विकायची अट घातली आणि नेट सेल्सवर ६ टक्के रॉयल्टी ठरवली. पुढच्या वर्षी अपिलात ती ७ टक्के झाली. तो निर्णय रुग्णांसाठी होता, आणि मला तो योग्यच वाटतो. पण ते मालकाच्या मनाविरुद्ध दिलेलं लायसन्स होतं. तुमच्या राजीखुशीच्या सौद्याला ते माप लावू नका.

सगळ्यात जास्त नुकसान 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे हक्क फक्त त्या एकाच कंपनीला, या अटीत होतं. एका कारागिराने आपल्या यंत्रणेचं अख्ख्या भारताचं एक्सक्लुझिव्ह लायसन्स दिलं. टक्केवारी उत्तम होती, किमान रॉयल्टीची अट नव्हती. कंपनीला बाजारात चालणारं स्वतःचं मॉडेल होतं आणि हे नवं येऊ नये एवढंच तिला हवं होतं. एकही यंत्र बनलं नाही, म्हणून रॉयल्टीही शून्य. दुसऱ्याला द्यायची सोय नाही, आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे खुद्द मालकानेही बनवायचं नाही. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं, तीही सरतच होती. मला आजही त्याचा राग येतो. म्हणून एक्सक्लुझिव्ह द्यायचं तर दरवर्षी किमान इतकी रक्कम, विक्री होवो न होवो. आणि अमुक महिन्यांत उत्पादन सुरू झालं नाही तर लायसन्स आपोआप रद्द. जी कंपनी या दोन अटी मानायला तयार होत नाही, तिचा यंत्र बनवायचा इरादा आहे का, ते एकदा नीट पारखून घ्या.

'तुम्ही पुढे जी सुधारणा कराल ती फक्त आम्हालाच' असंही कलम मसुद्यात सापडतं. तशी एकतर्फी अट मान्य करू नका. शांतपणे नाही म्हणा, बहुतेक वेळा ते मागे घेतात.

बाकीचं थोडक्यात. करार लेखीच हवा, पेटंट कायद्याचं कलम ६८ तसं सांगतं. चहावर झालेलं बोलणं धरू नका. पेटंटवर भावाचं किंवा भागीदाराचं नाव असेल तर त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला लायसन्स देताच येत नाही, म्हणून त्याची सही आधी. आणि अजून अर्जच केला नसेल तर मीटिंगच्या आधी निदान प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज टाका. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

आता टक्का. तो कंपनीच्या नफ्यातून निघतो, म्हणून आधी नफ्याचा अंदाज घ्या. ८०,०००च्या यंत्रावर तिला १२,००० सुटत असतील आणि तुम्ही १० टक्के मागितलेत, तर तिच्याकडे ४,०००च उरतात. बोलणी तिथेच थांबतील. तुमच्या यंत्रणेमुळे मजुरी किती वाचते, त्यासाठी शेतकरी जास्तीचे किती मोजेल, हे डीलरकडे बसून विचारा. शेतकरी १०,००० जास्त द्यायला तयार असेल, तर त्या १०,०००तला तुमचा वाटा किती, यावर बोला. टक्का त्यावरून काढता येतो, आणि मीटिंगमध्ये तो कुठून आला हे तुम्हाला सांगताही येतं.